पितळी आकड्याखालचा हात

३ फेब्रुवारी

चिंगे,

तुझं पत्र मिळालं. येत्या वीस एप्रिलला तू शेवटची शपथ घेऊन त्या ख्रिस्ती मठात कायमची आत जाणार, हे तू इतक्या टापटीप अक्षरात लिहिलं आहेस की शाळेतल्या पोरांना परीक्षेचं वेळापत्रक कळवते आहेस असं वाटावं. आणि वर विचारतेस, "बाबा, आतल्या दारापर्यंत घरचं माणूस सोबत चालतं आणि 'मी हिला देतो' असं म्हणतं. तुम्ही याल ना?"

नाही येणार.

रागानं म्हणत नाहीये. त्याच दिवशी आमच्या संग्रहालयात नव्या प्रदर्शनाचं उद्घाटन आहे आणि माझ्याशिवाय तिथं पानही हलत नाही. तुझा बाप काय काम करतो ते सहा वर्षांत विसरली असशील, म्हणून सांगतो. मूर्ती आणि फुटकी मडकी काचेच्या कपाटात आपोआप उभी राहत नाहीत. पितळेची पट्टी वाकवून, तिला कानस मारून, वस्तूच्याच रंगात रंगवून मी तिचा आधार करतो. वस्तू जिथं निसटायची भीती, तिथं पितळेचा छोटा आकडा. बघणाऱ्याला आकडा दिसला तर माझं काम फसलं.

या वेळी दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवायचे आहेत. एक करड्या दगडाचा, हातभर लांब. त्यावर एक जटावाला म्हातारा बसलाय आणि त्याच्या मांडीवर राजाचं नुकतंच जन्मलेलं पोर आहे. हे पोर पुढे बुद्ध होणार हे म्हाताऱ्यानं ओळखलंय. दुसरी हस्तिदंताची फळी, पोस्टकार्डाएवढी. देवळातला एक म्हातारा हातांवर कापड घेऊन सुताराच्या बायकोचं पोर उचलून धरतोय. ते पोर कोण हे मी तुला सांगायला नको. तुझं सगळं आयुष्य तू त्याच्याच नावानं लिहून दिलं आहेस.

आता नीट वाच. दगडातली गोष्ट आधीची आहे. म्हातारा तोच, पोर तेच, ओळखणं तेच. फक्त कपडे बदललेत. म्हणजे तुझ्या धर्माची अगदी पहिली पानं पूर्वेकडून उचललेली आहेत! मी दोघांपैकी कुणाचाच नाही, पण भांडायला एक बाजू लागते म्हणून दगडवाला माझा. गणित शिकवणारी मुलगी तू. नक्कल केलेल्या पेपरला तू कधी मार्क दिले आहेस का? मग एका नकलेसाठी जन्म कशाला घालवतेस?

मी पुरावे गोळा करतोय. एप्रिलपर्यंत भरपूर जमतील.

घरी सगळं ठीक. तुझी खोली भाड्यानं द्यायचं चाललंय.

बाबा

२० फेब्रुवारी

चिंगे,

मी तोफगोळे पाठवतोय आणि तुम्ही सगळ्या मिळून ते फराळासारखे वाटून खाताय, याला काय म्हणावं?

तू लिहितेस की माझं पत्र जेवणानंतरच्या गप्पांच्या तासाला मोठ्यांदा वाचलं गेलं. एक सिस्टर हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. आणि मठ चालवणाऱ्या मोठ्या सिस्टरनं विचारलंय की त्या दगडातल्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं. चिडायचं सोडून त्या चौकशी करतात! तूसुद्धा लिहितेस, "गोष्ट कुठून कुठून फिरत आली हे कळलं तर मला आवडेल, बाबा. अजून पाठवा." तुला आवडावं म्हणून मी रात्रीचे डोळे फोडून वाचत नाही. तू बॅग भरून घरी यावंस म्हणून वाचतोय. हे मी इतकं स्पष्ट लिहायला नको होतं, पण लिहून गेलोय आणि खाडाखोड केलेलं पत्र तुला आवडत नाही.

म्हाताऱ्याचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे या प्रदर्शनासाठी एक संशोधक बाई आल्या आहेत. वयानं तुझ्याहून थोड्या मोठ्या. मी त्यांना पंडितबाई म्हणतो, त्या मला काका म्हणतात. त्यांना विचारतो.

तुझ्या आईच्या कुंड्यांतल्या दोन गेल्या. पाणी जास्त झालं म्हणे. शेजारच्या काकू म्हणतात की मी झाडांना सारखा उठून पाणी घालतो. घरात दुसरं कुणी नाही ज्याला उठून काही द्यावं.

भाडेकरू अजून ठरला नाही.

बाबा

९ मार्च

चिंगे,

पंडितबाईंनी माझी पार दांडी गुल केली. जे घडलं ते सांगतो, लपवाछपवी नाही. तुझ्या त्या मोठ्या सिस्टरला सांगायचं की नाही ते तू ठरव.

मी माझ्या बाकावर दगडाच्या तुकड्याचं माप घेत होतो. त्या चहा घेऊन आल्या. मी म्हटलं, "बाई, एकदा काय ते सांगून टाका. ख्रिस्ती लोकांनी ही गोष्ट बुद्धाकडून घेतली की नाही?"

"घेतली असेल," त्या म्हणाल्या.

"असेल काय? होय म्हणा ना."

"काका, होय म्हणायला मला कुणीतरी ती गोष्ट उचलून नेताना दिसायला हवं."

मग त्यांनी स्टूल ओढलं. म्हणाल्या, ख्रिस्ताच्या अडीचशे वर्षं आधी पूर्वेच्या एका सम्राटानं पश्चिमेच्या राजांकडे धर्माचे दूत पाठवले, असं त्यानं स्वतःच दगडावर कोरून ठेवलंय. मी टाळीच वाजवली. त्या म्हणाल्या, "थांबा. दूत निघाले हे दगड सांगतो. पोचले का, आणि पोचल्यावर कुणी त्यांचं ऐकलं का, हे पलीकडचं कुणीही सांगत नाही." व्यापार होता, जहाजं होती, मिरी जात होती आणि सोनं येत होतं. मिरीच्या पोत्याबरोबर गोष्टीही गेल्या असणार. पण पोत्यात मिरी सापडते, गोष्ट सापडत नाही. ख्रिस्तानंतर दोनशे वर्षांनी एका बंदरातल्या ख्रिस्ती पंडितानं बुद्धाचं नाव लिहिलंय, म्हणजे तोवर नाव पोचलं होतं. पण देवळातल्या म्हाताऱ्याची गोष्ट तोवर लिहून झालेली होती. शिवाय बुद्धाच्या काही गोष्टी उशिरा लिहिल्या गेल्या, तेव्हा देवघेव उलटीही झाली असेल. मी म्हटलं, "म्हणजे आपण वर्षानुवर्षं पगार घेऊन 'असेल' एवढंच शोधतो?" त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. म्हणाल्या, "एवढंच, काका. आणि तेही जपून लिहावं लागतं."

मला हसू आलं नाही. मी दगडावरच्या म्हाताऱ्याकडे बघत राहिलो. माझं सगळं भांडण त्याच्या खांद्यावर, आणि त्याला ते पेलवेना.

पण एक मुद्दा माझ्याकडे अजून आहे. तो पंडितबाईंनाही खोडता येत नाही. दोघंही म्हातारे खूश आहेत. हस्तिदंतातला तर चक्क हसतोय. दगडातल्याचं नाक झिजलंय, पण तोंडाची कड वर गेलेली दिसते. एखादी गोष्ट दोन ठिकाणी आपोआप सुचेल, पण आनंदही अगदी एकाच मापाचा? मी दोघांचे आधार अशा उंचीचे करणार आहे की दोन्ही पोरांची तोंडं एका रेषेत येतील. लोकांना नक्कल आपोआप दिसेल. लेबलवर 'असेल' लिहा की आणखी काही लिहा.

पत्रं किती येऊ शकतात यावर आत गेल्यावर बंधन असतं का? सहज विचारतोय.

बाबा

२८ मार्च

चिंगे,

तुझं उत्तर वाचलं. वर्षातून दोन भेटी, जाळीच्या पलीकडून. पत्रं येतील, पण जाणारी थोडी. तू लिहिलंस, "बाबा, हे मी तुमच्यापासून लपवणार नव्हते." नाही लपवलंस. मीच विचारलं नव्हतं.

आज कामाचं सांगतो. दुसरं काही आज नको.

दगडाच्या तुकड्याला जुना आधार होता. माझ्या आधी इथं जे उस्ताद होते, त्यांनी केलेला. जाड पट्टी, दगडी रंग, वरून आडवा एक रुंद आकडा, म्हाताऱ्याच्या कपाळापासून गालापर्यंत आलेला. त्या काळी भूकंपाची धास्ती फार होती, म्हणून त्यांनी हात राखून केलंच नाही. तो आकडा त्यांनी इतका बेमालूम रंगवला होता की मीसुद्धा इतकी वर्षं त्याला दगडच समजत होतो. तोंडाची वर गेलेली कड मी तुला कळवली ना, ती त्या आकड्याची कड होती. आमच्या धंद्यात याच्याइतकी नाचक्की नाही. पितळेला हसताना पाहून मी तुझ्याशी भांडत होतो.

आकडा पट्टीला झाळून पक्का जोडलेला होता. पक्कड लावायची सोय नव्हती. बारीक करवतीनं केसाकेसानं कापला. खाली काय होतं सांगू? हात. म्हाताऱ्याचा उजवा हात, बोटं वाकवून डोळ्याला लावलेला. आकड्याखाली झाकून राहिल्यानं झिजलाही नव्हता. डावा हात पोराखाली आणि उजव्यानं डोळे पुसतोय.

मी पंडितबाईंना हाक मारली. मला वाटलं, मी काहीतरी भलतंच उकरून काढलं. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "मिळाला," त्या म्हणाल्या. "हा हात फुटून गेलाय असं संग्रहालयाच्या जुन्या यादीत लिहिलंय."

"पण हा रडतोय बाई."

"हो. रडतोच तो. सगळ्या जुन्या गोष्टींत रडतो. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मला कसं ठाऊक असणार? मी फक्त दगड वाचतो, तोही आकड्यासकट.

मग त्यांनी सांगितलं. राजा घाबरतो, पोराला काही अपाय आहे का म्हणून विचारतो. म्हातारा म्हणतो, पोराला काही होणार नाही. हा मोठा होऊन जगाला वाट दाखवील. मी रडतो ते माझ्यासाठी. मी म्हातारा. हा मोठा होईल तेव्हा मी नसेन, मला ते बघायला मिळणार नाही. आणि हस्तिदंतातला काय म्हणतो? त्याला सांगितलेलं असतं की हे पोर बघितल्याशिवाय तू मरणार नाहीस. पोर हातात येतं आणि तो म्हणतो, बस, बघितलं, आता मला जाऊ द्या. तोही म्हातारा, त्यालाही पुढचं काही बघायला मिळणार नाही. पण त्याला तेवढंच पुरलं.

मी विचारलं, "मग एकानं दुसऱ्याचं घेतलं असेल तर हे एवढं का बदललं?"

त्या म्हणाल्या, "ते मला कळलं असतं तर मी पुस्तक लिहिलं असतं. घेतलं असेल तर घेणाऱ्यानं रडणं मागेच ठेवलं. आणि घेतलं नसेल तर दोन लांबच्या गावांत दोन म्हाताऱ्यांच्या हातात पोर दिलं, आणि एक रडला, एक नाही."

त्या गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि बाकावर बसून राहिलो. लाज कसली, तुलाच तर सांगतोय. त्या दगडाच्या म्हाताऱ्याचा मला इतका राग आला! रडायचंच होतं तर हसल्यासारखा का दिसलास इतके दिवस?

मुद्दा संपला. माझ्याकडे आता काही नाही.

तुझ्या मोठ्या सिस्टरला सांग, म्हाताऱ्याचं पुढे असं झालं.

बाबा

६ एप्रिल

चिंगे,

तुझं पत्र दोन ओळींचं. "बाबा, तुम्ही नाही आलात तर बागकाम करणाऱ्या सिस्टर माझ्यासोबत चालतील. त्या ऐंशीच्या आहेत, त्यांना ऐकू येत नाही, पण त्या 'हो' म्हणाल्या आहेत."

हे तू मुद्दाम लिहिलंस का? ठार बहिरी म्हातारी माझ्या जागी चालणार! तुला सायकल शिकवताना मागून कोण धावलं? तुझ्या पहिल्या नोकरीच्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत कोण आलं आणि "आत येऊ नका हं बाबा" ऐकून परत कोण फिरलं?

बरं, आता ऐक. एक, उद्घाटनाला माझी कुणालाही गरज नसते. आधार आदल्या दिवशी पक्के होतात, उद्घाटनाला मोठी माणसं येतात आणि आम्ही मागच्या दारानं घरी जातो. दोन, भाडेकरू वगैरे कुणी नाही. तुझ्या खोलीत मी महिन्यातून एकदा पंखा पुसतो. मी तिथंच झोपतो. आमच्या खोलीत तुझ्या आईची बाजू मोकळी पडते, तिथं झोप लागत नाही. तीन, तुझी आई गेली तेव्हा तू दुसऱ्या सिस्टरला घेऊन आलीस आणि पाणीसुद्धा न पिता संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस, त्याचा राग मी अजून धरून आहे. तो मी सोडणार नाही. तो गेला तर या घरात माझ्याबरोबर कोण राहील?

आणि तुझा धर्म खरा की उसना, याच्याशी मला कधीच काही देणंघेणं नव्हतं. उद्या पंडितबाईंनी शिक्कामोर्तब करून दिलं की सगळं पूर्वेकडून गेलं, पोत्यात घालून गेलं, तरी तू म्हणशील, बरं झालं बाबा, गेलं ते. मला माहीत आहे. तुझं वेड कुठल्याही पुराव्यानं उतरणारं नाही. मला तू म्हातारी होताना बघायची होतीस. तुझे केस पिकताना, तुला चष्मा लागताना. 'कुठं ठेवला बाई चष्मा' म्हणून तू घरभर फिरतेस आणि मी तिथंच बसून हसतोय, एवढंच. मला ते मिळणार नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. फार.

दोन्ही पोरांची तोंडं एका रेषेत आणायची मी सोडून दिलं. दगडाचा तुकडा थोडा खाली घेतला, म्हणजे उभ्या माणसाला आधी तो हात दिसेल. नवा आकडा मागच्या बाजूनं आणलाय. पुढून काही झाकलं जात नाही.

वीस तारखेला किती वाजता यायचं ते कळव. बहिऱ्या सिस्टरना म्हणावं, बागेत लक्ष घाला.

बाबा

२० एप्रिल, संध्याकाळ

चिंगे,

हे तुला कधी मिळेल, कधी वाचू देतील, मला ठाऊक नाही. गाडी उद्या सकाळी आहे. स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये बसून लिहितोय. खोलीत एक खुर्ची, एक टेबल, आणि खिडकीबाहेर कुणीतरी टायर बदलतंय.

तुला आतून काय दिसलं ते तूच जाणे. मला काय दिसलं ते लिहून ठेवतो, नाहीतर घरी पोचेपर्यंत मी त्यात माझ्या सोयीनं फेरफार करीन.

तू फार बारीक झाली आहेस. हे मला पहिल्यांदा दिसलं, मग बाकीचं. तू माझा हात धरलास तेव्हा तुझ्या बोटावर खडूची पांढरी रेघ होती. म्हणजे आत कुणाला तरी गणित शिकवतेस. हे तू एकाही पत्रात लिहिलं नाहीस. शहाणे, इतकं तरी सांगायचं होतंस. मी किती निवांत झोपलो असतो.

आपण चालायला लागलो. बाकांवरच्या सिस्टरांतली एक माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "रडणाऱ्या म्हाताऱ्यावाले बाबा." म्हणजे तुम्ही ते पत्रही मोठ्यांदा वाचलंत! मला संताप यायला हवा होता. मी चक्क मान तुकवली.

दाराशी मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. मला वाटलं होतं त्याहून ठेंगण्या. त्यांनी विचारलं, "हिला कोण देतं?"

मला तीन शब्द म्हणायचे होते. गाडीत घोकले होते. लॉजच्या आरशासमोर म्हणून पाहिले होते. तोंड उघडलं आणि ते आले नाहीत. सगळे थांबले. तुझा हात माझ्या हातात गार पडत गेला, मला कळत होतं. तुला वाटलं असणार, आता बाबा तमाशा करणार.

मी म्हटलं, "मी देत नाही. माझ्याच्यानं ते होणार नाही. ही तिची ती जातेय. मी सोबत आलोय."

मोठ्या सिस्टरनी हातातल्या विधीच्या पुस्तकात पाहिलं. पुस्तकात असं काही लिहिलेलं नसणार. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "तेवढं पुरे."

आणि तू हसलीस. एवढ्या गंभीर ठिकाणी, सगळ्यांसमोर, ते तुझं नाकातून येणारं हसू. लहानपणी तुझी आई त्याबद्दल तुला किती बोलायची. मग तू डोकं माझ्या खांद्याला टेकवलंस, एक क्षणभर, आणि आत गेलीस. वळून पाहिलं नाहीस. पाहू नये असा नियम आहे का? असेल. तसाच समजतोय.

लोक पांगले. कुणीतरी मला सरबत दिलं. मी प्यायलो की नाही ते आठवत नाही. नंतर बाहेरच्या अंगणात कुणीच उरलं नाही तेव्हा त्या बहिऱ्या सिस्टर झारी घेऊन आल्या. मी दारासमोर उभा होतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्यानं म्हणाल्या, "घरी जा आता. हे दार आज उघडायचं नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

त्यांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी झारी खाली ठेवली आणि माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

बाबा